व्यसनाचा धडा विज्ञानाच्या तासाला द्या : पाठ्यपुस्तक समितीला खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे
आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तक समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

नव्या आराखड्याप्रमाणे राज्यातली शालेय पुस्तकं टप्प्याटप्प्यानं बदलताहेत. आज ना उद्या माध्यमिकच्या विज्ञानाचीही पाळी येईल. पुस्तक छापून हातात आल्यावर बोलून उपयोग नसतो, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. माझं मागणं एकच आहे. व्यसनांचा विषय दिनविशेषांच्या आणि मूल्यशिक्षणाच्या ताब्यातून काढा आणि विज्ञानाच्या तासाला द्या. तंबाखू, दारू, व्हाइटनर, गोळ्या या गोष्टी शरीरात गेल्यावर नक्की काय करतात, ते आम्हाला वर्गात नीट, खरं खरं शिकवू द्या. भीती घालायचं काम पुष्कळ झालं.

आत्ता काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठरवल्याप्रमाणे २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन. आपल्याकडे त्याच दिवशी राजर्षी शाहू महाराजांची जयंती असते. शाळा सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झालेले, विदर्भात तर त्याहूनही कमी. वर्गाच्या हजेरीपटावर अजून नावं चढताहेत आणि एकाच सकाळी प्रतिमापूजन, भाषणं आणि व्यसनमुक्तीची शपथ असं सगळं उरकायचं असतं. मग कवटीचं चित्र असलेली पोस्टरं, रांगोळी, प्रभातफेरी. फोटो काढून वर पाठवले की वर्षभराचं काम झालं. पोलीस ठाण्यातून कोणी साहेब आले तर ते कलमं सांगतात आणि 'आयुष्य बरबाद होईल' असं बजावतात. मागच्या रांगेतली मुलं एकमेकांकडे बघून हसतात, कारण रोज दिवसाला चार पुड्या रिचवणारा काका त्यांना माहीत असतो. तो धडधाकट असतो, ट्रॅक्टर चालवतो आणि त्याचं आयुष्य काही बरबाद झालेलं दिसत नाही. मुलांच्या लेखी साहेब तिथेच खोटे पडतात. पुढचं एमडी नावाच्या रासायनिक नशेबद्दलचं बोलणं खरं असलं तरी मग कोण ऐकतं?

हा प्रयोग दुसऱ्यांनी आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे खर्चून केलेला आहे. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी शाळांशी मिळून 'डेअर' नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन ड्रग्जला 'नाही' म्हणायला शिकवायचा. तो अमेरिकाभर पसरला, पालकांना आवडला, राजकारण्यांनाही आवडला. नव्वदच्या दशकात अभ्यासकांनी मुलांचा माग काढला, तेव्हा तो शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या व्यसनांत म्हणावा असा फरक सापडेना. शेवटी त्यांना अभ्यासक्रमच बदलावा लागला. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष काढले आहेत. त्यांची २०१८ ची आवृत्ती जरूर चाळावी. शाळांत काय उपयोगी पडत नाही, कधी कधी उलटतंही, याची यादीच तिथे आहे. नुसतं व्याख्यान, भीती घालणारी माहिती, फक्त नीतीच्या गोष्टी, व्यसनातून सुटलेल्या माणसाची कहाणी, पोलिसांकडून शिकवणी. आपल्या २६ जूनची कार्यक्रमपत्रिका समोर ठेवून कोणी ती यादी केली की काय, असं वाटावं.

त्याच निकषांत नुसत्या माहितीनं भागत नाही असंही म्हटलं आहे, हे मी विसरलेले नाही. मुलांना बोलतं करणारे, सराव करून घेणारे तास हवेत, आणि ते प्रशिक्षित शिक्षकानं घ्यायला हवेत. पण बोलायचं कशाबद्दल? शरीराबद्दल बोलणं मुलांना सोपं जातं. 'तुझ्या मित्रानं आग्रह केला तर तू काय करशील?' असं विचारलं की सगळी पुस्तकी उत्तरं देतात. 'तंबाखूत चुना का मळतात?' असं विचारा आणि बघा.

हा प्रश्न मला नववीच्या एका मुलानं आम्ल-आम्लारीच्या तासाला विचारला होता. आम्लारींची उदाहरणं सांगताना मी चुन्याची निवळी म्हटलं आणि मागून आवाज आला, "बाई, मग तंबाखूत चुना कशाला घालत्यात?" वर्ग हसला. पण प्रश्न अस्सल रसायनशास्त्राचा आहे. निकोटिन हे स्वतः सौम्य आम्लारी. माध्यम आम्लधर्मी असेल तर त्याच्या रेणूवर प्रभार येतो आणि तोंडाच्या आतल्या नाजूक आवरणातून ते सहजी आत शिरत नाही. चुन्यानं माध्यम आम्लारीधर्मी झालं की निकोटिन प्रभाररहित रूपात येतं, पेशींचं पटल झटकन ओलांडतं आणि थेट रक्तात जातं. तळहातावर अंगठ्यानं मळण्याची ती जी क्रिया आहे, ती म्हणजे निकोटिनची वाट मोकळी करणं. शिवाय चुना आवरण भाजून काढतो, ते वेगळंच. इतकं सांगितल्यावर त्या वर्गानं मला पुढचे प्रश्न विचारले : मग ओठाखालीच बार का धरतात, विडीचं निकोटिन वर चढायला किती वेळ लागतो, मिश्रीत, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीत, चुना नसतो तरी आजीला ती का सुटत नाही. विडी-सिगारेटच्या धुरातलं निकोटिन फुप्फुसांतून काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं, हे ऐकून तो वर्ग जितका गप्प झाला तितका कुठल्या शपथेनं झालेला मी पाहिला नाही.

यासाठी लागणारं सगळं साहित्य आपल्या सध्याच्या पुस्तकांत आहे, फक्त ते विखुरलेलं आहे. आम्ल-आम्लारी नववीत. चेतापेशी आणि मेंदू नववीतच. इथेनॉल दहावीच्या पहिल्या भागातल्या कार्बनी संयुगांत. आणि व्यसनं? दहावीच्या दुसऱ्या भागात 'सामाजिक आरोग्य' नावाच्या पाठात. तो दहापैकी नववा पाठ. नववा म्हणजे केव्हा, हे दहावीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. सराव परीक्षा तोंडावर असतात, प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासायच्या असतात आणि हा पाठ 'घरी वाचून या' या सदरात जातो. इथेनॉलचं रेणुसूत्र शिकलेल्या मुलाला तेच इथेनॉल आपल्या बापाच्या यकृतात जाऊन काय होतं, हे पुस्तक त्याच पानावर सांगत नाही.

दुसरी गोष्ट वयाची. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वर्षांच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखूचा कुठला ना कुठला प्रकार वापरत असल्याचं सांगितलं. त्यातल्या धूररहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी ती वयाची दहा वर्षं पुरी होण्याआधीच सुरू केली होती. म्हणजे पाचवीच्या आत! आमच्या भागात हे ऐकून कुणाला धक्का बसणार नाही. दात दुखतो म्हणून आजीच नातवाच्या हिरडीला मिश्री लावते. त्यात वाईट हेतू नसतो. तिच्या आईनंही तिला तशीच लावलेली असते. त्यामुळे पाचवीच्या 'परिसर अभ्यासा'त दातांची निगा शिकवताना मिश्रीचं नाव घेऊन बोलायला हवं. विदर्भातल्या पुस्तकवाचकाला खर्र्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या मिश्रणाचं, नाव दिसायला हवं. सध्या 'तंबाखूजन्य पदार्थ' असा एक सरकारी शब्द येतो. त्यात मुलाला आपली आजी दिसत नाही, आणि बरेचदा पानटपरीही दिसत नाही.

सुपारीबद्दल तर पुस्तकांनी आणि आपण सगळ्यांनीच बोलायला हवं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तो कुठे आणि कसा मिळतो हे मुलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, ते सोडा. पण 'मी तंबाखू खात नाही, नुसती गोड सुपारी खातो' असं म्हणणारी मुलं, आणि मुलीही, वर्गावर्गात आहेत. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तिच्यातल्या घटकांमुळे गालाच्या आत तंतू साठत जातात, गाल ताठर होतो आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. पहिली खूण फार साधी असते : नेहमीचा ठेचा एकाएकी झोंबायला लागतो. तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का, हे मूल घरी आरशासमोर बघू शकतं. ही कृती पुस्तकात द्या. वर्गात सगळ्यांदेखत मात्र करवून घेऊ नका.

आता खरं सांगण्याबद्दल. मुलांना 'नशा वाईट असते' एवढंच सांगतो तेव्हा एक गोष्ट आपण दडवतो, आणि ती त्यांना मित्रांकडून आधीच कळलेली असते : सुरुवातीला बरं वाटतं. हे पुस्तकात यायला हवं. आवडीचं खाल्ल्यावर, सामना जिंकल्यावर मेंदूत डोपामिन वाढतं आणि 'हे पुन्हा कर' असा निरोप जातो. निकोटिन, दारू, गांजा, एमडी हे सगळे वेगवेगळ्या वाटांनी त्याच यंत्रणेपर्यंत पोचतात आणि तिला गरजेपेक्षा जास्त हलवतात. मेंदू मग आपलं माप बदलून घेतो. तेवढ्याच पुडीत तेवढं वाटत नाही, आणि पुडी नसली की साध्या गोष्टींतही काही वाटत नाही. त्यात या वयाची अडचण अशी, की मेंदूतला मजा शोधणारा भाग आधी जोर धरतो आणि थांब म्हणणारा, कपाळामागचा भाग पुरा तयार व्हायला पंचविशी उजाडते. म्हणून पंधराव्या वर्षी लागलेली सवय तिसाव्या वर्षी लागलेल्या सवयीपेक्षा जास्त घट्ट बसते. गांजा ओढून पाहणाऱ्या प्रौढांपैकी साधारण दहात एक जण त्याच्या आहारी जातो. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत ते प्रमाण सहात एकाच्या आसपास जातं, असं अभ्यास सांगतात. सहापैकी पाच जात नाहीत, हेही सांगावं लागेल. लपवलं तर मुलं शोधून काढतीलच.

व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन यांच्यासाठी वेगळी जागा ठेवा. 'एम्स'नं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत असे पदार्थ हुंगणं हा एकच प्रकार असा निघाला की जो मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे : १० ते १७ वयोगटात १.७ टक्के, मोठ्यांत ०.५८ टक्के. देशभरात ४.६ लाख मुलांना यातून बाहेर यायला मदतीची गरज आहे असा त्यांचा अंदाज. याला ना विक्रेता लागतो ना अंधारी गल्ली, स्टेशनरीच्या दुकानात किंवा सायकलवाल्याकडे मिळतं. यातली टोल्युइनसारखी द्रावकं मेदात विरघळतात, आणि चेतातंतूंवरचं आवरण मेदाचंच असतं. पण त्याहून तातडीची बाब हृदयाची आहे. ही वाफ हुंगलेल्या अवस्थेत हृदय ॲड्रेनलिनला कमालीचं संवेदनशील होतं. अशा वेळी मूल दचकलं किंवा जिवाच्या आकांतानं पळालं, तर ठोके बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्याच वेळीही. तेव्हा स्वच्छतागृहामागे असं मूल दिसलं तर ओरडत त्याच्या मागे धावायचं नाही, शांतपणे जवळ जायचं, मोकळ्या हवेत आणायचं आणि बसवायचं. हे एक वाक्य प्रत्येक शिक्षकाला माहीत असायला हवं. आपली नेहमीची प्रतिक्रिया नेमकी उलटी असते.

आणखी एक, जे पोस्टरवर कधीच येत नाही. आमच्याकडे पोलीस भरतीची, सैन्य भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे रस्त्यावर धावतात. शाळेत असल्यापासूनच. ती विडी ओढत नाहीत, दारूला शिवत नाहीत, आई-बाप निर्धास्त असतात. यांच्यात आणि व्यायामशाळांत मेफेनटरमाइनची इंजेक्शनं शिरली आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात ते हे औषध. निरोगी पोरानं घेतलं की रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय ठोके चुकवू शकतं आणि दमल्याची जाणीव दबते. दमणं हा शरीराचा इशारा आहे. तो बंद पाडून धावलेलं मूल मैदानावरच कोसळू शकतं. सुई वाटून घेतली तर एचआयव्ही आणि कावीळ आलीच. या मुलांना 'व्यसन' शब्दानं हाक मारली तर ती वळूनही बघणार नाहीत, कारण आपण व्यसनी आहोत असं त्यांना वाटतच नाही. पण हृदय व रक्ताभिसरणाच्या पाठात हे आलं, तर ती कान देतील.

दारूबद्दल फार लिहीत नाही, यकृताच्या आकृत्या पुस्तकांत आहेत. फक्त मिथेनॉल घ्या. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणी वस्तीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. मिथेनॉलपासून शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होतं, ते दृष्टिचेतेवर घाला घालतं, आणि लक्षणं उशिरा दिसतात म्हणून लोक 'उतरेल सकाळपर्यंत' म्हणून झोपून राहतात. धूसर दिसायला लागलं की तडक दवाखाना गाठायचा, हे दहावीच्या मुलाला ठाऊक असेल तर वस्तीतला एखादा जीव वाचेल. तसंच झिंगून पडलेल्या माणसाला उताणं न ठेवता कुशीवर वळवायचं. तसंच झोपेच्या गोळ्या, 'कुत्ता गोळी' म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलम आणि दारू एकत्र झाली की श्वास मंदावत जातो. एमडी म्हणजे मेफेड्रोन आता मुंबईच्या पार्ट्यांपुरतं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी त्याचा कारखाना पकडला तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला.

यावर येणारा आक्षेप मला पाठ आहे : एवढं सांगितलं तर मुलं करून बघतील. शरीरात काय होतं ते सांगणं वेगळं आणि किती, कुठून, कसं ते सांगणं वेगळं. दुसरं आपण अजिबात सांगायचं नाही, याबद्दल समितीनं कडक राहावं. बाकी माहिती मुलांकडे मोबाइलमधून पोचलेलीच आहे, आणि ती आपल्या पुस्तकापेक्षा बरीच आकर्षक बांधणीची आहे.

कायद्याचं एखादं पान द्याच, पण बाजू बदलून. अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे. मुलांना हे कलम टपरीवाल्याविरुद्ध आहे हे कळू द्या. आजवर त्यांनी ऐकलेली सगळी कलमं त्यांच्याविरुद्ध असतात.

शेवटची गोष्ट पुस्तकाबद्दलची नाही, शिक्षक हस्तपुस्तिकेबद्दलची आहे. असे तास नीट घेतले की एखादं मूल नंतर व्हरांड्यात थांबतं आणि म्हणतं, "बाई, मी घेतो." पुढे काय करायचं, हे आम्हाला कुणी लिहून दिलेलं नाही. बहुतेक ठिकाणी काय होतं? पालकांना बोलावणं, सगळ्यांदेखत पाणउतारा आणि फारच झालं तर दाखला हातात. दाखला मिळालेलं मूल जिथे जातं तिथे पुड्या सहज मिळतात. दुसऱ्या मुलांना त्यातून कळतं ते इतकंच, की बाईंना काही सांगायचं नाही. हस्तपुस्तिकेत स्पष्ट लिहा : स्वतःहून सांगणाऱ्या विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, ही गोष्ट कुणाकुणाला सांगायची ते त्याला विचारून ठरेल आणि शिक्षक त्याला समुपदेशनापर्यंत पोचवेल. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही, स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम ६४-अ खाली खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूद आहे. शाळेनं त्याहून कठोर व्हायचं कारण नाही. सोबत नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हे नंबर छापा. यातला तिसरा मुलांनी पुडीवर वाचलेला असतो, फक्त तो खरंच कुणी उचलतं यावर त्यांचा विश्वास नसतो. जिल्ह्यातलं जवळचं व्यसनमुक्ती केंद्र कोणतं, हे लिहायला एक रिकामी ओळ सोडा, ती शाळेनं भरावी. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून काम करतं आहे. वर्गातून केंद्रापर्यंतचा रस्ता ठरवताना तिथल्या आणि तशा इतर केंद्रांतल्या समुपदेशकांना समितीत बोलवा. किशोरवयीन मुलगा पहिल्या भेटीत काय लपवतो, हे त्यांना आमच्यापेक्षा आणि तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

आम्ल-आम्लारी ते सुपारी असा नववीचा एक घटक मी माझ्यापुरता लिहून वापरते आहे. मागितलात तर पाठवेन. त्यात दुरुस्त्या असतील, त्या जरूर सुचवाव्यात.

आपली,
एक माध्यमिक विज्ञान शिक्षिका

ता. क. : शिक्षकांच्या प्रशिक्षणात मधल्या सुटीत सभागृहाबाहेर पुष्कळ मळलं जातं. वरचा १८०० वाला नंबर शिक्षकांनाही चालतो, एवढी एक ओळ हस्तपुस्तिकेत टाकावी ही विनंती.